प्रतिपिंडांची पट्टी आश्रमशाळेत पोहोचली. प्रतिपिंडांची औषधे वाटेत कुठे अडतात?

अनेरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जैवतंत्रज्ञानाने तयार केलेली प्रथिने आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक वस्तूला नेमकी चिकटणारी प्रथिने) हा विषय निघाला, की बोलणे हमखास कर्करोगावरच्या महागड्या इंजेक्शनांकडे वळते. धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर या पट्ट्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून उभी नोकरी झाल्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे या तंत्रज्ञानाने खरा पल्ला गाठला तो निदानात. उपचारात ते जागोजागी अडते आणि प्रत्येक औषध अडण्याचे कारण निराळे असते. त्या कारणांचीच नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढतो आहे.

सुरुवात सिकलसेलपासून करतो, कारण सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सारे रामायण घडते. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५० च्या दशकात हा बदल दाखवून दिला. एका आम्लाचा हा फरक अचूक ओळखणारी प्रतिपिंडे आज बोटभर लांबीच्या पट्टीवर बसवलेली मिळतात, ही गोष्ट मला अजूनही अचंब्याची वाटते.

पूर्वी आमच्या हाती होती ती विद्राव्यता चाचणी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे रेघा ओढलेला कागद धरायचा, आणि गढूळपणामुळे रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना संशयित धरायचा. ही चाचणी स्वस्त होती, पण समोरचे मूल वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेले) आहे की रुग्ण, हे ती सांगत नसे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत तर तिचा भरवसाच धरता येत नाही, कारण त्या वयात रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. पुढचे उत्तर हवे तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी (विजेच्या साह्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीसाठी) जिल्ह्याला पाठवावा लागे, आणि अहवाल परत येईपर्यंत ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असे.

पट्टीने ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, बफरमध्ये मिसळला आणि पट्टी बुडवली, की काही मिनिटांत ‘ए’ (नेहमीचे) आणि ‘एस’ (सिकलसेलचे) या दोन्ही हिमोग्लोबिनांचा पत्ता लागतो. मात्र नव्या तंत्रज्ञांना एक गोष्ट बजावून सांगतो. बाजारात दोन जातींच्या पट्ट्या आहेत. एका जातीत रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन रक्तात आहे. दुसऱ्या जातीत रक्तातले हिमोग्लोबिन आणि पट्टीवरचे हिमोग्लोबिन एकाच प्रतिपिंडासाठी झटत असतात, त्यामुळे तिथे रेघ न उमटणे म्हणजे ते हिमोग्लोबिन असणे. खोक्यातले माहितीपत्रक न वाचता सवयीने निकाल लिहिला, तर निरोगी मूल रुग्ण ठरेल आणि रुग्ण मूल निरोगी. नियंत्रण रेघ, म्हणजे पट्टी चालते आहे हे दाखवणारी रेघ, उमटलीच नाही, तर ती पट्टी बाद समजून दुसरी घ्यावी. तिथे तर्क लढवू नये.

एकाच वस्तूला चिकटणारी, एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची किल्ली जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये दिली. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंडे बनवणारी पेशी अल्पायुषी असते, तर कर्करोगी मायलोमा पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहते. त्या दोघांनी या पेशींचा संकर घडवला आणि अव्याहत प्रतिपिंडे देणारा पेशीवंश मिळवला. १९८४ मध्ये त्यांना नील्स जेर्न यांच्यासह नोबेल मिळाले. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करतो. गर्भधारणेची पट्टी, आशाताईंच्या पिशवीतली हिवतापाची पट्टी, डेंग्यूची एनएस-१ तपासणी, ही सगळी त्याच घराण्यातली आहेत.

निदानाची बाजू ही अशी आहे. औषधांच्या बाजूने ज्यांचा संबंध येतो, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डोंगरपायथा

अनेरकाठ दादा, मी धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तपासणी शाळेपर्यंत आली हे खरेच आहे, परंतु तपासणीनंतरचे समजावणे तेवढ्या वेगाने आलेले नाही. ‘एएस’, म्हणजे वाहक, असा निकाल असलेल्या मुलांना आमच्याकडे सर्रास आजारी म्हटले जाते, त्यांना खेळायला पाठवत नाहीत, आणि मुलगी असेल तर पुढे तिच्या सोयरिकीच्या वेळी ही गोष्ट दडवण्याकडे घरच्यांचा कल होतो. वाहक मूल निरोगी असते आणि दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याचा २५ टक्के धोका असतो, हे मी पालकसभेत पावरी बोलणाऱ्या सहकाऱ्याच्या मदतीने पुन्हा पुन्हा सांगते. तेवढ्याने भीती जात नाही.

माझा प्रश्न मात्र दुसरा आहे. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाच्या पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ दोन्ही आले, म्हणजे तो वाहक ठरला. तरीही त्याचे हातपाय वरचेवर ठणकतात आणि डोळे पिवळसर दिसतात. वाहकाला असा त्रास होतो का?

तापीखोरे

ताई, मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तुमची शंका रास्त आहे आणि या मुलाला ‘वाहक’ म्हणून सोडून देऊ नका. साध्या वाहकाला सहसा असा त्रास होत नाही. पट्टी फक्त ‘ए’ आहे का आणि ‘एस’ आहे का, एवढेच सांगते. कोणते किती आहे, हे सांगत नाही. एका पालकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे (बीटा साखळी कमी तयार होण्याच्या आजाराचे) जनुक आले असेल, तर काही मुलांत थोडे ‘ए’ हिमोग्लोबिन तयार होते आणि पट्टीवर ते मूल वाहकासारखेच दिसते. प्रत्यक्षात ते रुग्ण असते. दुसरी शक्यता अशी, की मुलाला अलीकडे रक्त चढवले गेले असेल, आणि पट्टीवर दिसणारे ‘ए’ हे दात्याचे असेल. दोन्ही शक्यतांत एचपीएलसी, म्हणजे कोणते हिमोग्लोबिन किती आहे हे मोजणारी तपासणी, करावी लागते. शिबिरात पट्टी काढली आणि काम संपले, असे जे समीकरण होऊ पाहते आहे त्याला माझा विरोध आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठरवले गेले. आकडा गाठण्याच्या घाईत अशी मुले निसटतात.

आता धागाकर्त्यांनी विचारलेल्या औषधाच्या बाजूकडे येतो. सिकलसेलवर एक प्रतिपिंडाचे औषध आले होते, क्रिझानलिझुमॅब. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन असते आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी चिकटण्यात त्याचा हात असतो. हे प्रतिपिंड नेमके त्या प्रथिनाला बांधून टाकते. पहिल्या मोठ्या चाचणीत वेदनेच्या झटक्यांचा वार्षिक मध्यक औषध न मिळालेल्या गटात २.९८, तर औषध मिळालेल्या गटात १.६३ आला आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यायचे, किंमत आपल्या आवाक्याबाहेरची, तरीही आशा मोठी होती. पुढे नंतरच्या चाचणीत औषध आणि नुसते सलाईन यांत फरक दिसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली.

मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘प्रतिपिंडाचे औषध म्हणजे अचूक औषध’ असा समज रूढ होतो आहे. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला अचूक चिकटले, याचा अर्थ रुग्णाचा त्रास कमी झालाच, असा होत नाही. आज माझ्या रुग्णांना खरा आधार आहे तो हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या कॅप्सूलचा. ते प्रथिनही नाही आणि प्रतिपिंडही नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ते वाढवते, आणि त्याला फ्रिजही लागत नाही. या आजारात औषध अडले ते किमतीपाशी नव्हे, पुराव्यापाशी.

भुसावळ_पेढी

माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून माझी तक्रार तापमानाची. प्रथिनाचे औषध म्हणजे विशिष्ट आकारात घडी घातलेला रेणू. ती घडी उन्हाने मोडते आणि गोठल्यानेही मोडते. इन्सुलिन, डायलिसिसच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी लागणारे एरिथ्रोपोएटिन, ही सगळी २ ते ८ अंशांत ठेवायची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि गिऱ्हाईक मोटारसायकलच्या डिकीत कुपी टाकून वरणगाव किंवा बोदवडपर्यंत जाते. मी बर्फाची पिशवी देतो, तेव्हा कुपीला कागद गुंडाळल्याशिवाय देत नाही, कारण बर्फाला थेट टेकून गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी ते टाकूनच द्यावे लागते. घरी फ्रिजच्या बर्फकप्प्याजवळ कुपी ठेवणारेही पुष्कळ आहेत. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, मात्र ‘बाहेर’ याचा अर्थ पत्र्याच्या घरातले फडताळ असा नाही. फ्रिज नसेल त्यांना मी ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, कोरड्या डबीत कुपी ठेवायला सांगतो. घट्ट झाकणाची डबी हवी, पाणी आत जाता कामा नये.

दुसरी बाब सिरिंजची. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिटवाल्याची नारिंगी टोपणाची. शंभराच्या औषधासाठी चाळिसाची सिरिंज वापरली, तर मात्रा अडीचपट जाते आणि साखर एकदम खाली येते. मुले पुण्या-मुंबईहून आईवडिलांसाठी औषध पाठवतात, तेव्हा हा घोटाळा होण्याचा संभव अधिक असतो.

ज्यांना जुन्या काळाचे आकर्षण आहे त्यांच्यासाठी सांगतो, की पूर्वी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाचे इन्सुलिन जिवाणूकडून तयार करून घेण्याचे काम १९७८ मध्ये साधले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. अन्यथा आजच्या मधुमेह्यांच्या संख्येला कत्तलखाने पुरले नसते.

सातपुडा_सर्पमित्र

निदानात प्रगती झाली म्हणता, पण साप कोणता चावला हे सांगणारी पट्टी माझ्या परिसरातल्या एकाही आरोग्य केंद्रात मी पाहिलेली नाही. तिथे अजूनही काचेची नळीच कामी येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे, असे धरून चालायचे. प्लास्टिकची नळी चालत नाही. मण्याराच्या दंशात ही चाचणी उपयोगाची नाही. शेतात जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो, दंशाची खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात.

आपले प्रतिसर्पविष अजूनही घोड्यांच्या रक्तापासूनच बनते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे वेगळी करतात आणि पेप्सिनने त्यांचा नको असलेला भाग कापून टाकतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चौघांवर मिळून एकच औषध. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते. तोरणमाळच्या फुरशावर ते किती चालते, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

खरे_बोलू_का

चर्चा वाचली. मला वाटते, या सगळ्या नवलाईपेक्षा घोडे बरे. सव्वाशे वर्षे त्यांनी माणसे वाचवली. प्रयोगशाळेतली प्रतिपिंडे आली की कंपन्यांची मक्तेदारी आली आणि भाव आभाळाला भिडले. शेवटी गरिबाला घोड्याचेच औषध मिळणार असेल, तर जाहिरात कशाला?

अनेरकाठ (धागाकर्ता)

आपला राग समजतो, परंतु कुत्रा चावल्यानंतरच्या औषधाचे उदाहरण आपल्या म्हणण्याच्या नेमके उलट जाते. खोल जखम असेल तर नुसती लस पुरत नाही, कारण शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला दिवस लागतात. तोवर तयार प्रतिपिंडे जखमेत आणि जखमेभोवती टोचावी लागतात. घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिपिंडे किलोमागे ४० युनिट द्यावी लागतात, माणसाच्या रक्तापासून केलेली २० युनिट. पहिल्यात अ‍ॅलर्जीची भीती आणि दुसऱ्याचा कायम तुटवडा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेबरोबर जे एकवंशी (एकाच पेशीवंशाकडून मिळवलेले) प्रतिपिंड तयार केले, त्याची मात्रा किलोमागे ३.३३ युनिट आहे. साठ किलोच्या माणसाला २,४०० ऐवजी २०० युनिट. पुढे अहमदाबादच्या झायडसने दोन प्रतिपिंडांचे मिश्रण आणले, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये अशी प्रतिपिंडे उपलब्ध असतील तिथे वापरण्याची शिफारस केली. तेव्हा नवे तंत्रज्ञान नेहमी परदेशी आणि नेहमी श्रीमंतांसाठीच असते, असे नाही. येथे गाडी अडते ती तालुक्याच्या ठिकाणी कुपी शिल्लक असण्यापाशी, आणि त्याहून अधिक जखम साबणाने पंधरा मिनिटे धुण्याऐवजी तिच्यावर चुना किंवा मिरची भरण्याच्या आपल्या सवयीपाशी.

घोड्यांचा मुद्दा सर्पदंशात मात्र मी मान्य करतो. विषात डझनावारी प्रथिने असतात, एकच प्रतिपिंड सर्वांना पुरे पडत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतले स्क्रिप्स संशोधन केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कृत्रिम मानवी प्रतिपिंड जाहीर केले. नागाच्या आणि मण्याराच्या कुळातल्या विषांतल्या एका महत्त्वाच्या चेताविषाला (मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या विषाला) ते निष्प्रभ करते, पण हे उंदरांवरचे निष्कर्ष आहेत, आणि घोणस-फुरशाच्या विषाला त्याचा उपयोग नाही. तोवर घोडेच.

वाघूर_तीर

माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंडाचे औषध सुचवले गेले होते, आणि नंतर कळले की त्यांच्या गाठीला त्याचा उपयोगच नाही. इतके चर्चिलेले औषध नाकारले गेल्याने घरात बराच मनस्ताप झाला. हे असे का होते?

तापीखोरे

कारण ते औषध एचईआर-२ नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि ते प्रथिन जास्त प्रमाणात असलेल्या गाठी स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्केच असतात. गाठीचा तुकडा तपासतानाही प्रतिपिंडच वापरतात. रंग चढण्यावरून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. तीन आले तर औषध लागू पडण्याची शक्यता, शून्य किंवा एक आले तर हे औषध नाही, आणि दोन आले तर जनुकाची पुढची तपासणी करून मग ठरवायचे. वहिनींना औषध नाकारले गेले यात त्यांचे नुकसान झाले नाही. उपयोग नसताना ते दिले असते, तर पैसे गेलेच असते आणि हृदयावर ताण येण्याचा धोकाही पत्करावा लागला असता. ज्यांना ते खरोखर लागते, त्यांच्यासाठी भारतीय कंपन्यांची समरूप (मूळ औषधाशी मिळतीजुळती, बायोसिमिलर) औषधे २०१४ पासून बाजारात आहेत आणि भाव पूर्वीपेक्षा उतरले आहेत. समरूप म्हणजे बनावट, असा गैरसमज कृपया ठेवू नये.

रावेरी_केळीबाग

डॉक्टरसाहेब, माणसांच्या गप्पांत झाडाचे आणतो, राग नसावा. केळीवर हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही हा विषाणू आला, की आख्खी बाग उपटावी लागते. ऊतिसंवर्धित रोपे ज्या मातृवृक्षापासून करतात, त्याच्या पानाचा रस प्रतिपिंडांच्या एलायझा तपासणीत (विषाणू असल्यास रंग बदलणाऱ्या तपासणीत) घालून विषाणू आहे का ते पाहतात. आता रोपे घेताना हा दाखला मागूनच घेतो. झाडावर प्रतिपिंडाचे औषध नाही. तपासणी हाच उपाय. म्हणून अनेरकाठ भाऊंचे म्हणणे आमच्या बागेपुरते तरी शंभर टक्के पटले.

डोंगरपायथा

तापीखोरे सर, आपण सांगितल्याप्रमाणे त्या मुलाच्या पालकांशी बोलले. त्याला पावसाळ्याच्या सुरुवातीला शहाद्याला दाखल केले होते आणि एक बाटली रक्त चढवले होते, हे आता कळले. शाळेच्या नोंदीत ते कुठेच नव्हते. एचपीएलसीसाठी नमुना आत्ताच पाठवावा का? आणि अहवाल आला तर त्यात नेमके काय पाहायचे?

तापीखोरे

रक्त चढवल्यापासून तीन महिने पूर्ण होऊ द्या आणि मग नमुना पाठवा, नाहीतर दात्याचे हिमोग्लोबिन अहवालात मिसळेल. मात्र तोवर उपचार थांबवू नका. त्रास आहे म्हणजे त्याला रुग्ण समजूनच जवळच्या रुग्णालयात नोंद करा, आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. शक्य असेल तर आई आणि वडील दोघांचेही नमुने आत्ताच पाठवा. त्यांना रक्त चढवलेले नसेल, तर त्यांच्या अहवालातून निम्मे उत्तर लगेच मिळेल.

अहवालात ‘ए’ आणि ‘एस’ यांच्या टक्केवारीकडे पाहा. साध्या वाहकात ‘ए’ हे ‘एस’पेक्षा जास्त असते, ‘एस’ साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास. ‘एस’चे पारडे ‘ए’पेक्षा जड असेल आणि ‘ए-२’ हा हिमोग्लोबिनचा तिसरा प्रकार वाढलेला असेल, तर बीटा थॅलेसेमियाची जोड आहे असा संशय घेऊन मुलाला जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. ‘ए’ अजिबात नसेल तर पट्टीवरची ‘ए’ची खूण दात्याच्या रक्ताची होती, असे समजावे. नमुन्याच्या चिठ्ठीवर रक्त चढवल्याची तारीख ठळक लिहा, आणि शाळेच्या आरोग्य नोंदवहीत त्या तारखेसाठी एक वेगळा रकाना आखून घ्या.